टॉप एंड नवा टाकला, तरी कॉम्प्रेशन कमी? हेड पुन्हा खोलण्याआधी या चुका टाळा

नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवं गॅस्केट. सगळं आवळून गेज लावलं आणि काटा 90 पीएसआयवर थांबला. टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या 125 सीसी इंजिनात 150 च्या वर आकडा अपेक्षित असतो, त्यामुळे पोटात गोळा येणं साहजिक आहे. बहुतेक जण लगेच पाना उचलतात आणि हेड खोलतात. माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. हेड उघडलं की गळती कुठून होती याची खूणच जाते, आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं.

आधी हाताला विचारा. हाताने किक दाबून बघा. किक जड लागत असेल आणि तरीही गेज कमी दाखवत असेल, तर संशय गेजवर घ्या. किकही हलकी, आकडाही कमी, तर मात्र दोष इंजिनात आहे.

गेजची चूक मी स्वतः केली आहे. ठणठणीत इंजिन दोनदा खोललं, रिंगा पुन्हा बदलल्या, आकडा जागचा हलला नाही. दोष गेजच्या नळीत होता. हवा परत जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह नळीच्या त्या टोकाला असायला हवा, जे स्पार्क प्लगच्या भोकात बसतं. माझ्या गेजमध्ये तो घड्याळाजवळ होता. साधा हिशेब करा. 125 सीसी इंजिनाचं भूमितीय कॉम्प्रेशन (पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचं प्रमाण) 13 ला 1 धरलं, तर पिस्टन वर असताना हेडखाली जेमतेम 10 सीसी जागा उरते. 30 सेंमी लांब आणि आतून 5 मिमी व्यासाच्या नळीत जवळपास 6 सीसी हवा मावते. म्हणजे कम्बशन चेंबर तुम्ही दीडपटीहून मोठं करून मोजताय! मोटारीच्या मोठ्या इंजिनात हा फरक फारसा जाणवत नाही, त्यामुळे तेच गेज तिथे बरोबर वाटतं. अडॅप्टरचे आटे प्लगपेक्षा आखूड असले तरी असाच घोळ होतो.

मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा हवा, चोक न ओढलेला, पेट्रोलचा कॉक बंद, आणि प्लगची कॅप अर्थ केलेली, म्हणजे इंजिनाच्या धातूला जोडलेली. काटा चढायचा थांबेपर्यंत जोरात किक मारत राहा. दोन-तीन किकांवर निकाल लावू नका. बंद थ्रॉटलवर आकडा हमखास कमी येतो. उंचावर राहत असाल तर दर 300 मीटरला साधारण 3 टक्के घट धरा. आणि नव्या रिंगा अजून बोरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, बसलेल्या नसतात. इंजिन दोन-तीनदा गरम करून पूर्ण थंड होऊ दिलं की आकडा थोडा वर येतो. तो थोडाच येतो, 90 चे 160 होत नाहीत.

आता दोष खरंच इंजिनात आहे असं धरू. प्लगच्या भोकातून तेल टाकून पुन्हा मोजण्याची युक्ती सगळ्यांना माहीत असते, पण तिथेही हात सैल सुटतो. 10 सीसीच्या चेंबरमध्ये 5 मिली तेल ओतलं तर अर्धी जागा तेलानेच भरली, आकडा वाढणारच. 1 मिली पुरे. इंजिन सावकाश फिरवून तेल पसरू द्या आणि मग मोजा. थोडीशी वाढ सोडून द्या, मोठी उडी आली तर रिंग किंवा बोर. काहीच फरक नाही, तर हेडकडे बघा.

हेडसाठी जोडावर साबणाचं पाणी लावा आणि सावकाश किक दाबा. गळती असेल तिथे फेस येतो. वॉटर-कूल्ड इंजिनात रेडिएटरचं झाकण काढून बुडबुडे येतात का पाहा. हेड तिरकं आवळलं गेलं असेल, ओ-रिंग खाचेतून सरकली असेल, किंवा पृष्ठभाग वाकला असेल. नट समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे असतात.

रिंगसाठीही लगेच खोलायची गरज नाही. सायलेन्सरचा पाइप काढा, टॉर्च लावा आणि एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टन खाली-वर होताना बघा. रिंग पोर्टसमोर आली की लाकडी काडीने हलकेच दाबा. ती स्प्रिंगसारखी आत जाऊन परत यायला हवी. दबतच नसेल तर अडकली आहे, सैल हलत असेल तर तुटली आहे. तुटते ती बहुधा सिलिंडर चढवतानाच, रिंगेचं टोक खाचेतल्या पिनेवर चढल्यामुळे. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे आहे ना, हेही प्लगच्या भोकातून दिसतं.

पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टची उंची कमी-जास्त करणारी झडप, मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. किक मारताना तो बंद असायला हवा. जोडणी चुकून तो उघडा राहिला तर एक्झॉस्ट पोर्ट उंच राहतो, पिस्टन तो उशिरा झाकतो, आणि दाबायला हवाच कमी उरते. रिंगा, बोर, गॅस्केट सगळं उत्तम असूनही आकडा पडतो. बाजूचं कव्हर काढून दोन मिनिटांत तपासता येतं.

सिलिंडरखालचं बेस गॅस्केट जास्त जाड पडलं, किंवा जुन्याचा थर खरवडलाच नाही, तरी सिलिंडर वर उचलला जातो. पिस्टनवर, त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या रेषेत, सोल्डर वायरचे दोन तुकडे ग्रीसने चिकटवा, हेड आवळा, इंजिन एकदा फिरवा आणि वायरची दबलेली जाडी मोजा. तीच पिस्टन आणि हेडमधली फट. 1 ते 1.5 मिमीच्या आसपास ठीक. 2 च्या पुढे गेली तर कारण सापडलं.

क्रँक सील गळत असेल तर गाडी नीट सुरू होत नाही आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असतो, पण प्लगच्या भोकातला हा आकडा त्याने पडत नाही. ती तपासणी वेगळी.

सिलिंडर उतरवावाच लागला, तर नुसती रिंग बोरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि फिलर गेजने टोकांमधली फट मोजा, एकदा पोर्टच्या वर आणि एकदा पोर्टच्या खाली, न झिजलेल्या भागात. बोर 0.01 मिमी वाढला की फट 0.03 मिमी वाढते. म्हणजे दोन ठिकाणच्या फटीत 0.15 चा फरक असेल, तर बोर तिथे जवळपास 0.05 मिमी झिजला आहे आणि नवी रिंग घालून उपयोग नाही. बोरवर निकासिल (निकेलचा कठीण थर) कोटिंग असेल तर त्याला पुन्हा प्लेटिंग करावं लागेल. बिडाचा स्लीव्ह असेल तर बोर करून पुढच्या साइझचा पिस्टन घाला.