पाळी गेल्यावर पुन्हा डाग दिसला तर

शेजारच्या अक्का ६८ वर्षांच्या. सहा महिने लुगड्याचे डाग गुपचूप धूत होत्या. सून म्हणायची, मूळव्याध असेल. मला वासावरनं शंका आली. मिरजेला नेलं, तर आतून रिंग निघाली! अंग बाहेर येतंय म्हणून १२ वर्षांपूर्वी बसवलेली. ती मधूनमधून काढून धुवायची, आतलं तपासून घ्यायचं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रुतून जखम झालेली. मी तासगावात ३१ वर्षं सिस्टर होते, तरी भिंतीपलीकडचं कळलं नाही.

पाळी बंद होऊन वर्ष झालं की नंतरचा एक डागही ‘उष्णता’ म्हणून सोडायचा नाही. दवाखान्याचा नंबर लावा आणि तोवर घरी एवढं बघा.

पांढरं सुती फडकं घ्या. डाग लघवीनंतर लागतो, शौचानंतर, की बसल्याबसल्या? लघवीच्या तोंडाशी कधी लाल दाणा येतो, तोही रक्ताळतो. अंग बाहेर आलं असेल तर घासून जखम होते.

मग विचारा, आत काही बसवलंय का. नुसतं ‘तांबी आहे का’ म्हटलं तर म्हातारी नाही म्हणते. ‘धाकट्याच्या वेळी नर्सबाईंनी काही बसवलं होतं का?’ असं विचारा. विसरलेल्या तांब्या मी पाहिल्यात.

गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत भरा. रक्त पातळ करायची गोळी, स्तनाच्या कॅन्सरनंतरची टॅमॉक्सिफेन (तिनं गर्भपिशवीचं अस्तर वाढतं), वैदूचं चूर्णसुद्धा. मनानं गोळी बंद करू नका.

गर्भपिशवी काढलेल्या बाईनंही जायचंच.

डॉक्टर आतून तपासतात, सोनोग्राफीत अस्तर मोजतात. ४ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा तपासायला पाठवतात. पातळ असूनही पुन्हा रक्त गेलं तर परत जा. बहुतेकींना कोरडेपणामुळंच जातं, पण दहांत साधारण एकीला कॅन्सर निघतो. म्हणून रिंग सापडल्यावरही अक्कांचं अस्तर तपासलंच. ते ठीक निघालं.

तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर येत असेल तर मात्र फडकंबिडकं बघत बसू नका, गाडी काढा.

अक्कांना सध्या मलम चालू आहे, जखम भरली की नवी रिंग. तपासणीची तारीख सुनेनं कॅलेंडरवर लिहिलीय, द्राक्षछाटणीच्या शेजारी.