मोनो दिसलं की आधी विचारायचं, "एक काय?"

आमच्या गावात "मोनो" म्हटलं तर इंग्रजी कोणालाच आठवत नाही, एकतर फवारणीचं औषध आठवतं नाहीतर विहिरीवरची मोटर. कृषी केंद्रात कास्तकार नुसतं म्हणायचा, "भाऊ, मोनो देजो एक लिटर", आणि मोटर जळली की मेकॅनिकला फोनवर सांगतो, "मोनोब्लॉक हाय, पाच एचपीची, लवकर येजो". आणि त्याच घरातलं पोरगं रात्री गाईड उघडून मोनोपॉली, मोनोगॅमी, मोनोटोनस, मोनोलिथ अशी तीसचाळीस शब्दांची यादी घोकत बसतं आणि सकाळी अर्धी विसरतं.

मी संध्याकाळी समाजमंदिराच्या ओट्यावर भरतीची तयारी करणाऱ्या सातआठ पोरापोरींना इंग्रजी शिकवतो, शिकवतो म्हणजे काय, जेवढं मला येतं तेवढं. "शब्दसमूहाबद्दल एक शब्द" या प्रश्नात मोनोवाले शब्द हमखास येतात आणि पोरं हमखास तिथंच मार खातात, कारण सगळ्यांचं तोंड सारखंच दिसतं. तर यादी ठेवा बाजूला, मी कसं शिकवतो ते सांगतो.

मोनो हा तुकडा ग्रीक भाषेतला, मूळ शब्द मोनोस, म्हणजे एकटा, एकच. झालं, मोनोचा विषय इथंच संपला, त्यावर अजून डोकं घालू नका. पोरं इथंच चुकतात, मोनो म्हणजे एक हे दहादा लिहितात आणि मोनोच्या पुढं जे लागलंय त्याच्याकडे पाहतच नाहीत. मोनो सगळ्या शब्दांत तेच आहे, मग फरक पडणार कुठून? म्हणून मोनो दिसलं की लगेच विचारायचं, "एक काय?" उत्तर पुढच्या तुकड्यात असतं आणि मार्कही तिथंच असतात.

मोटरीवरूनच सुरू करा. एक काय? एक ब्लॉक. जुन्या डिझेल इंजिनात इंजिन वेगळं, पंप वेगळा, मधे पट्टा, पट्टा सुटला की अर्धी रात्र त्यातच जायची. मोनोब्लॉकमध्ये मोटर आणि पंप एकाच बॉडीत, एकाच शाफ्टवर बसलेले. मोनोरेल, एक काय? एक रूळ. मुंबईत २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा सुरू झाली ती. नागपूरची मेट्रो दोन रुळांवर चालते म्हणून ती मोनो नाही, एका पोरीनं हे स्वतःच सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं.

आता फवारणीचा मोनो, म्हणजे मोनोक्रोटोफॉस. इथं एक काय? याचा एक भाऊ आहे डायक्रोटोफॉस, त्याच्या नत्राच्या अणूवर मिथाइलचे दोन गट बसलेले असतात, याच्यावर एकच, म्हणून हा मोनो आणि तो डाय. पण कोणी असं समजू नका की मोनो म्हणजे कमी विषारी. भाजीपाल्यावर हे मारायला २००५ पासूनच बंदी होती, २०२३ मध्ये त्याच्या नेहमीच्या ३६ टक्केवाल्या औषधावरच बंदी आली, आणि २०१३ मध्ये बिहारमध्ये शाळेच्या जेवणात हेच गेलं आणि २३ लेकरं गेली. शब्द शिकता शिकता एवढं तरी ध्यानात ठेवा.

खतात तर हा खेळ अजून मस्त आहे. डीएपी सगळ्यांच्या घरी येतं, पण डीएपीचा "डी" कशाचा हे विचारलं तर ओटा चूप. डी म्हणजे डाय, म्हणजे दोन, डायअमोनियम फॉस्फेट. आणि ठिबकमधून सोडतो ते बारा-एकसष्ट म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट, तिथं अमोनियम एकच. आता थैलीवरचे आकडे घ्या आणि मोबाईलवर भागाकार करून पाहा. डीएपीत नत्र १८ आणि स्फुरद ४६, भागाकार येतो ०.३९. बारा-एकसष्टमध्ये १२ भागिले ६१, येतो ०.१९७. म्हणजे तेवढ्याच स्फुरदामागं डीएपीत नत्र जवळजवळ दुप्पट, कारण अमोनियम दोन आहेत! हे मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा थैली हातात घेऊन एकटाच हसत होतो, बायको म्हणे काय झालं. झिरो-बावन्न-चौतीस पण त्याच घरातलं, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, एक पोटॅशियम.

आता मोनोकॉट. हा शब्द सायन्सवाल्या पोरांना येतो पण पाठ असतो, समजलेला नसतो. पूर्ण शब्द मोनोकॉटिलेडॉन, कॉटिलेडॉन म्हणजे बीजपत्र, बीमध्येच आधीपासून तयार असलेलं पहिलं पान. करून पाहायचं असेल तर ओल्या फडक्यात जवारीचे चार दाणे आणि सोयाबीनचे चार दाणे गुंडाळून ठेवा आणि फुटले की मातीत लावा. जवारी वर येते ती सुईसारखी, एकटी, सरळ. सोयाबीन मात्र कमरेत वाकून वर येतं आणि मग दोन जाड पानं हात जोडल्यासारखी असतात ती उघडतात. पऱ्हाटीचंही, म्हणजे कपाशीचंही, तसंच, म्हणून तर आपण म्हणतो "दोन पानावर आली". जवारी, गहू, मका, कांदा मोनो, पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, हरभरा डाय. तुरीची दोन पत्रं मात्र मातीतच राहतात, वर दिसत नाहीत, पण घरात त्याहून सोपा पुरावा आहे, जात्यात तूर भरडली की तिचे बरोबर दोन भाग होतात, तीच डाळ, म्हणजे आपण रोज बीजपत्रंच खातो. जवारीची डाळ करून दाखवा बरं कोणी.

हे नुसतं पेपरापुरतं नाही, मला याचा फटका बसलेला आहे. गव्हातलं रुंद पानाचं तण मारायला टू-फोर-डी मारलं, ते मोनोकॉटला फारसं काही करत नाही आणि डायकॉटला सोडत नाही, हे मला माहीत होतं, आणि तरी त्याच पंपात, नुसता एकदा पाण्यानं खळखळून, दुसऱ्या दिवशी पऱ्हाटीवरची फवारणी केली. आठवड्याभरात शेंड्याची पानं लांबट, फाटल्यासारखी, भेंडीच्या पानासारखी झाली. बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "काऊन बे, पऱ्हाटी पेरली होती का भेंडी?" पंप माझा, हात माझा, कोणाला बोलणार. पण त्या दिवसापासून मोनो आणि डाय मी कधी विसरलो नाही.

आता ज्या शब्दावर मी पूर्ण एक संध्याकाळ घालवतो तो, मोनोपॉली. मराठीत एकाधिकार. आणि हा शब्द विदर्भाच्या म्हाताऱ्या माणसांना कोणत्याही प्रोफेसरपेक्षा जास्त माहीत आहे, कारण १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती, कापूस सरकारी खरेदीलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला विकायचा नाही. आमचे आजोबा अजून सांगतात, बैलबंडी भरून रात्रीच निघायचं, रांगेत बंडीखालीच झोपायचं, ग्रेडर कोणता ग्रेड लावतो याच्यावर वर्ष ठरायचं, आणि मग चुकाऱ्याची वाट. पोरांना मी सांगतो, घरी जाऊन आजोबाला विचारा एकाधिकार म्हणजे काय, आणि मग या.

आता शब्द फोडा. मोनो म्हणजे एक, आणि पॉली म्हणजे? सगळा ओटा ओरडतो, "अनेक!" कारण पॉलिमर, पॉलिहाऊस, पॉलिक्लिनिक डोक्यात असतं. चूक. एक-अनेक असा शब्द होईल का? इथला पॉली दुसऱ्या ग्रीक शब्दातून आलाय, पोलेइन, म्हणजे विकणे. मोनोपॉली म्हणजे एकच विकणारा. गावात किराण्याचं एकच दुकान असेल तर तो मोनोपॉलीवाला, भाव त्याच्या मनाचा.

आणि मग खरी गंमत. कापूस योजनेत कास्तकाराच्या बाजूनं पाहिलं तर विकणारे लाखो होते आणि घेणारा एकच, म्हणजे कास्तकाराला ती मोनोपॉली नव्हतीच, उलटी होती! याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, मोनॉप्सनी, एकच घेणारा. जोन रॉबिन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ मध्ये आपल्या पुस्तकात तो चलनात आणला. स्पर्धा परीक्षेच्या अर्थशास्त्रात या दोनची अदलाबदल हमखास करून देतात. लक्षात ठेवायला सोपं, किराणा दुकान एक असेल तर मोनोपॉली, कापूस घेणारा काटा एक असेल तर मोनॉप्सनी. मराठी "एकाधिकार" मात्र हुशार शब्द आहे, घेण्याचा असो की विकण्याचा, दोन्हीला चालतो.

बाकीचे भराभर घेऊ. मोनोगॅमी, एक काय? गॅमोस म्हणजे लग्न, एका वेळी एकच जोडीदार. मोनोटोनस, एक टोन, एकाच सुरात चाललेलं, म्हणून कंटाळवाणं, आठवत नसेल तर ग्रामसभेतलं अहवाल वाचन आठवा. मोनोलॉग, एकट्याचं बोलणं. मोनोथेइझम, थेऑस म्हणजे देव, एकच देव मानणं. मोनोक्रोम, क्रोम म्हणजे रंग. मोनोलिथ, लिथोस म्हणजे दगड, एकाच दगडातलं, वेरूळचं कैलास मंदिर अख्खं एकाच खडकातून कोरलेलं आहे ते डोळ्यासमोर आणा. नागपूरजवळ जुनापाणीला जी दगडांची वर्तुळं आहेत त्यांना मेगालिथ म्हणतात, तिथं मेगा म्हणजे मोठा, दगड तोच. आणि बॅटरीपंपातल्या लिथियमचं नावही याच दगडावरून, कारण तो धातू दगडात सापडला. असा एक तुकडा पकडला की चारपाच शब्द फुकट येतात, यादी घोकून हे होत नाही.

ताप आला की रक्ताचा रिपोर्ट येतो ना, त्यात मोनोसाइट्स असतं. साइट म्हणजे पेशी, आणि एक काय, तर तिचं केंद्रक एकसंध असतं, तुकडे तुकडे दिसत नाही. त्याच रिपोर्टात वर पॉलीमॉर्फ लिहिलेलं असतं, तिथं मात्र पॉली म्हणजे खरंच अनेक, केंद्रकाचे अनेक आकार. रिपोर्ट फेकू नका, डॉक्टरचं झालं की वहीत चिकटवा.

एक अडचण येते ती म्हणजे कधीकधी मोनोतला शेवटचा ओ गायब होतो. पुढचा तुकडा स्वरानं सुरू होत असेल तर बऱ्याचदा मोनोचं मोन होतं. आर्क म्हणजे राज्य करणं, म्हणून मोनार्क, एकटा राज्य करणारा, राजा. ऑक्साइड लागलं की मोनॉक्साइड. कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजन दोन, मोनॉक्साइडमध्ये एक, आणि हा एकवाला जीवघेणा, वास नाही रंग नाही, म्हणून थंडीत खोली बंद करून आत शेगडी ठेवून झोपू नका, हे इंग्रजीच्या तासाला सांगतो मी आणि सांगतच राहणार.

उच्चाराचं पण बोलून टाकतो कारण मुलाखतीत पोरं तिथं अडखळतात. मॉनोलॉग, मॉनोरेल, मॉनोब्लॉक यात जोर पहिल्यावर. पण मोनोपॉली, मोनोगॅमी, मोनोटोनस यात जोर दुसऱ्यावर सरकतो आणि ऐकायला येतं मनॉपली, मनॉगमी, मनॉटनस. मोटरच्या मेकॅनिकला मात्र मोनोब्लॉकच म्हणा, नाहीतर तो तुमच्याकडे पाहत राहील.

मोनो आणि युनी यातही गोंधळ होतो, दोन्ही म्हणजे एकच. युनी लॅटिन, युनिफॉर्म, युनियन, युनिलॅटरल. आपला "एक" हा लॅटिन युनीचा दूरचा चुलत भाऊ लागतो, मोनोचा नाही. साधारण ग्रीक तुकड्याला मोनो आणि लॅटिनला युनी, पण इंग्रजी भाषा सोयरीक करताना फार पाहत नाही, मोनोलिंग्वलमध्ये मोनो ग्रीक आणि लिंग्वा लॅटिन, तरी संसार चालू आहे.

आणि शेवटचं काम, नकली मोनो ओळखणं. गेल्या महिन्यात एका पोरानं विचारलं, "सर, मॉनिटर वर्गात एकच राह्यते म्हणून मॉनिटर म्हंतेत का?" इतकं पटणारं होतं की मीच क्षणभर थांबलो. पण नाही, मॉनिटर लॅटिन मोनेरेतून येतो, म्हणजे बजावणं, ताकीद देणं, वर्गात दोन मॉनिटर ठेवले तरी ते मॉनिटरच. मंडे चंद्रावरून, मूनवरून. मॉन्सून अरबी मौसिमवरून, तोच आपला मोसम. म्हणून तपासायचं असं की मोन कापा, उरलेल्या तुकड्याला काही अर्थ आहे का पाहा आणि मग "एक काय" विचारा. मॉन्सूनमधून मोन काढलं तर "सून" उरते, एक सून, असं उत्तर पेपरात कोणी लिहू नका.

नकल्यांमध्ये माझा लाडका मंगूस. हा शब्द ग्रीक नाही, लॅटिन नाही, आपल्या धुऱ्यावरून पळणारं जे मुंगूस आहे ना, तोच मराठी शब्द उचलून इंग्रजीनं मंगूस केला. आणि यात एक फसवा प्रश्न असतो, गूसचं अनेकवचन गीस म्हणून पोरं मंगूसचं मंगीस करून येतात. त्या गूस पक्ष्याचा आणि आपल्या मुंगसाचा काही संबंध नाही, मंगूसेस लिहा.