टेबलावरचं गाव सगळ्यांचं: रोल-प्लेइंग गेमचं जग भिडूंनी मिळून कसं उभारावं

गेम मास्टर म्हणून मी एवढंच ठरवलं होतं की खाडी ओलांडायला एक होडी आहे. "होडीवाल्या तारामावशीला एक डोळा नाही," एका भिडूनं मध्येच ठोकून दिलं. मी विचारलं, "कसा गेला?" दुसरी म्हणाली, "गेला नाही, गहाण आहे. पलीकडच्या वखारीत." पुढचे चार महिने आम्ही तो डोळा सोडवायलाच खेळलो. मी तीन रात्री जागून रचलेलं राजघराण्याचं कारस्थान वहीत तसंच पडून राहिलं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेऊन आपण काय करतो ते बोलतात, आणि जिथे जमेल की नाही याची शंका असते तिथे फासे पडतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' तीन छोट्या पुस्तिकांत निघाला आणि हा प्रकार रुळला. पुस्तिकेत नियम असतात, गोष्ट नसते. ती टेबलावर घडते, म्हणून ती कुणाची हा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिच्या मागे आहे.

आधी नियम निवडा, तेही मोकळे

गेम मास्टर धरून चार किंवा पाच जण पुरे. सहावा आला की निम्मे लोक मोबाइल बघतात.

पहिल्या खेळासाठी जाडजूड पुस्तकं विकत घेऊ नका. 'फेट कोअर' नावाच्या रोल-प्लेइंग गेमचे नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर, म्हणजे मूळ कर्त्याचं नाव दिलं की कुणीही वापरावेत अशा अटीवर, खुले आहेत आणि भिडूंच्या हातात बरंच काही देतात. त्याचे खास फासे नसले तरी सापशिडीचे चार फासे चालतात: १-२ पडलं तर उणे एक, ३-४ म्हणजे शून्य, ५-६ म्हणजे अधिक एक. चारांची बेरीज करून त्यात कॅरेक्टरचं कौशल्य मिळवायचं, झालं.

प्रत्येक जण आपल्या कॅरेक्टरबद्दल काही वाक्यं लिहितो. उदाहरणार्थ, "वखारीचा जुना कारकून, अजूनही किल्ल्या जवळ बाळगतो". खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाला सहसा तीन 'फेट पॉइंट' मिळतात. आम्ही चिंचोके वापरतो. एक चिंचोका मोजला की त्या वाक्याच्या जोरावर फाशात दोनची भर घालता येते किंवा जगातली एखादी गोष्ट जाहीर करता येते: "मागच्या दाराचं कुलूप अजून जुनंच आहे." उलट, तेच वाक्य तुम्हाला गोत्यात आणत असेल, म्हणजे किल्ल्या खुळखुळल्या आणि पहारेकरी जागा झाला, तर गेम मास्टर तुम्हाला चिंचोका देऊ करतो. नवख्यांना हे दहा मिनिटांत कळतं.

पहिल्या बैठकीत खेळू नका, नकाशा काढा

एक मोठा कागद मध्ये पसरा. प्रत्येकाने त्यावर तीन गोष्टी मांडायच्या: एक जागा, एक माणूस, एक भानगड. गेम मास्टरलाही तेवढंच, जास्त नाही. दुसऱ्याची गोष्ट खोडायची नाही, तिच्यावर प्रश्न विचारायचा. "विहिरीत भूत आहे" असं कुणी म्हणालं तर "भुतंबितं नकोत यार" असं न म्हणता "ते फक्त अमावास्येलाच का बोलतं?" असं विचारा. आवडीचं उत्तर मिळेपर्यंत प्रश्न विचारता येतात, म्हणून कुणाचंच फारसं अडत नाही.

खरोखर नको असलेले विषय मात्र त्याच कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. टेबलावर एक्स-कार्डही ठेवा: फुली मारलेलं साधं कार्ड, कुणीही बोट ठेवलं की तो प्रसंग सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही.

खेळताना आधी विचारा, मग सांगा

गेम मास्टरची सगळ्यात अवघड सवय म्हणजे उत्तर तोंडावर आलेलं असताना गप्प बसणं. भिडूने विचारलं, "या गावात वैद्य आहे का?" तर "आहे" म्हणण्याआधी एक ठोका थांबा आणि उलट विचारा, "तू लहानपणी इथं आला होतास ना, तेव्हा कोण होतं?" मात्र "इथं काय आहे?" असा उघडा प्रश्न कधी टाकू नका, समोरचा गांगरतो. प्रश्नातच अर्धी माहिती द्या, उरलेली त्याला भरू द्या.

रहस्य सोडवायचं असेल तर खुनी कोण हे भिडूंनाच विचारण्यात अर्थ नाही. आणि काही भिडूंना जग वगैरे रचायचं नसतं, फासे टाकून चार राक्षस लोळवायचे असतात. त्यांना लोळवू द्या. सर्जनशीलतेची सक्ती केली की खेळ शिबिरासारखा वाटायला लागतो.

वही ठेवा

बैठक संपली की कुणीतरी दोन पानं लिहायची, पाळीपाळीने. प्रत्येक नव्या गोष्टीपुढे ती कुणी आणली त्याचं आद्याक्षर टाका. सुरुवातीला हा कारकुनी उद्योग वाटतो. त्याची किंमत पुढे कळते.

जग टेबलाबाहेर नेण्याआधी कागद करा

आमचा पहिला गट या कागदाअभावी फुटला. एकाने सगळ्यांच्या कॅरेक्टरांची मिळून कथा लिहिली, छापली आणि विकायला ठेवली. आम्हाला पुस्तिका हातात आल्यावर कळलं. एका मैत्रिणीचं कॅरेक्टर त्यात दुसऱ्याच प्रकरणात मारलं होतं. भांडण पैशाचं नव्हतंच, चाळीस प्रती खपल्या असतील-नसतील.

भारतात स्वामित्व हक्काचा १९५७ चा कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत किंवा चित्रांत उतरते त्यांना देतो. म्हणून "फासा टाका, कौशल्य मिळवा" ही रीत कुणाची मालकी होत नाही. नियमपुस्तकातली वाक्यं आणि चित्रं मात्र होतात. अनेकांनी मिळून लिहिलेल्या आणि कुणाचा भाग कोणता हे वेगळं काढता न येणाऱ्या मजकुराला कायदा संयुक्त कृती मानतो. आद्याक्षरांची वही इथे कामी येते.

दुसऱ्याच्या परवान्यावर जग उभारणार असाल तर तो परवाना नीट वाचा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने २००० साली ओपन गेम लायसन्स, म्हणजे खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणारा परवाना, काढलं आणि त्यावर शेकडो छोट्या प्रकाशकांनी आपापली जगं उभी केली. जानेवारी २०२३ मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला: जुना परवाना रद्दबातल धरायचा आणि वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत रॉयल्टी घ्यायची. खेळणारे भडकले, अनेकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली. जुना परवाना कायम राहिला, शिवाय ५.१ आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आले. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि छोट्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. मूळ कर्त्याचा उल्लेख केला की ते नियम तुम्हीही वापरू शकता. कंपनीची प्रसिद्ध नगरं आणि पात्रं मात्र त्यात आपोआप येत नाहीत.

आमच्या दुसऱ्या गटाचा कागद अर्ध्या पानाचा आहे, तोच देतो: "नकाशा, गावं आणि वहीतला मजकूर पाचही जणांचा. कॅरेक्टर ज्याचं त्याचं. गट सोडताना ते घेऊन जाता येईल, मारता येणार नाही. छापायचं तर पाचही जणांचा लेखी होकार. पैसे आले तर खर्च वजा जाता सारखी वाटणी." खाली सह्या आणि तारीख. "मारता येणार नाही" हे कुणामुळे आलं ते सांगायला नको. मोठा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवा. मित्रांपुरतं एवढं पुरतं.

आणि मग सोडून द्या

जग इतरांनीही खेळावं असं वाटत असेल तर वहीवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) परवाना लिहा. सीसी बाय म्हणजे नाव द्या आणि हवं ते करा. सीसी बाय-एसए म्हणजे नाव द्या आणि तुम्ही त्यातून रचाल तेही तसंच खुलं ठेवा. आम्ही दुसरा घेतला, दोन बैठका वाद घालून.

माझी मावसबहीण आता नाशिकला तिच्या गटाबरोबर आमचंच खाडीकाठचं गाव खेळते. तिथल्या तारामावशीला दोन्ही डोळे आहेत, वखारीत तिचा आवाज गहाण आहे. हे ऐकून आमच्या डोळेवाल्या भिडूनं दोन दिवस तोंड पाडलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "मग ती गिऱ्हाईकाला हाका कशी मारते?"