दिली म्हणजे लागली का?

साथीच्या गणितावर एम.एस्सी.चा प्रकल्प घेतला, कारण समीकरणं तीनच होती. बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात कुणी हा विषय घेणार असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

लोकांचे तीन गट (लागण होऊ शकणारे, आजारी आणि बरे झालेले) धरून साथ मोजणारं एसआयआर मॉडेल १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या संशोधकांनी मांडलं आणि ताडून पाहिलं ते मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंवर. (कर्मॅकची दृष्टी तीन वर्षं आधीच प्रयोगशाळेतल्या अपघातात गेली होती. आम्ही एक्सेल अडलं की चहाला पळायचो.)

सुरुवात एक्सेलवरच करा. मी गोवर घेतला. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तिथे एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देतो. मी १५ धरले, आणि संसर्गाचे दिवस ८. रोजचा एकेक हिशेब मांडत गेलो, तर आठवडाभरात निरोगी माणसांची संख्या उणे! रात्रभर सूत्रं तपासली. सूत्रं बरोबरच होती. गोवराच्या वेगापुढे एक दिवसाची पायरी फार मोठी पडत होती. दिवसाचे दहा भाग केले, तेव्हा आकडे ताळ्यावर आले.

खरी गोची पुढे होती. साथ विझायला १ वजा १/१५, म्हणजे सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित हवेत. मी ऐटीत लिहिलं: ९५ टक्के बाळांना लस, साथ संपली. सरांनी एवढंच विचारलं, "दिली म्हणजे लागली का?" नवव्या महिन्यातला डोस साधारण ८५ टक्के बाळांनाच लागू पडतो. एकूण एक बाळाला तो दिला तरी ९३ गाठत नाही! सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस कशासाठी, ते तेव्हा वहीवर कळलं. दांडिया बाजारातल्या आमच्या काकू नातवाचा दुसरा डोस 'एकदा झालाय की' म्हणून टाळत होत्या. त्यांना हीच आकडेमोड दाखवली. पटली की कंटाळल्या, देव जाणे, पण घेऊन गेल्या.

आणखी एक. हे मॉडेल सगळे सगळ्यांत सारखे मिसळतात असं धरतं. नवरात्रात गरब्याच्या मैदानावर ते चालून जाईल. एरवी रावपुऱ्यातलं बाळ मांजलपूरच्या बाळाला भेटतं कधी? एका वस्तीत ९९ आणि दुसरीत ८० टक्के लसीकरण असेल, तर सरासरी छान दिसते आणि गोवर ८० वाल्या वस्तीत शिरतो.

म्हणून पायथन ही संगणकाची भाषा शिकण्याआधी एकदा ममता दिवसाला, म्हणजे गुजरातेत आई-बाळांच्या तपासणी-लसीकरणासाठी ठरलेल्या दिवशी, अंगणवाडीत जाऊन बसा. मजुरीसाठी आलेल्या, घर बदललेल्या कुटुंबांची मुलं रजिस्टरात कुठे लिहितात, ते तिथल्या ताईंना विचारा. माझ्या प्रकल्पात ती कुठल्याच रकान्यात नव्हती.