चीनमध्ये सायकल चालवताना आधी ‘जी’पुढचे अंक मोजा

सायकलने स्वस्तात चीन फिरायचा तर आधी हे लक्षात ठेवा: तिथे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. घोळ असा, की तो मार्ग आणि साधा राष्ट्रीय रस्ता, दोघांचाही क्रमांक ‘जी’नेच सुरू होतो. पुढे एक, दोन किंवा चार अंक आणि पाटी हिरवी असेल तर तो द्रुतगती मार्ग. तिकडे वळूच नका. तीन अंक आणि लाल पाटी असेल तर खुशाल जा. त्यात पहिला अंक १ म्हणजे बीजिंगहून निघणारा, २ उत्तर-दक्षिण, ३ पूर्व-पश्चिम. ‘एस’ची पिवळी पाटी प्रांतिक रस्त्याची. शांघायहून निघणारा जी३१८ सिचुआनमधल्या बातांगपर्यंतच धरा. पुढे तिबेट, आणि परदेशी माणसाला तिथे परमिट व गाइड लागतोच, म्हणजे स्वस्ताईचं गणित कोसळलं.

मुक्कामाला गावातली साधी लॉजं परवडतात, पण काउंटरवरच्या माणसाला परदेशी पासपोर्टची नोंद कशी करायची हेच कधीकधी माहीत नसतं. म्हणून अंधार पडायच्या आत पोहोचा, नकार आला तर दुसरं दार ठोठावता येतं. कुणाच्या घरी राहिलात तर २४ तासांत पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. उकळतं पाणी बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. थर्मास भरून घ्या, वाटेत कपातले झटपट नूडल्स त्याच पाण्यावर तयार होतात.