ठाण्यातील जुन्या व्यक्तिचित्रांची ओळख कशी पटवावी

ठाण्यात चरई, चेंदणी, कोलबाड अशा जुन्या वस्त्यांतल्या घरांत, चर्चच्या कार्यालयांत, शाळांत आणि ग्रंथालयांत वसाहतकाळातील माणसांची व्यक्तिचित्रे अजूनही भिंतीवर आढळतात: कुणी धर्मगुरू, कुणी इंग्रज अधिकारी, कुणी नगरपालिकेचा सभासद. यांपैकी पुष्कळ चित्रांखाली नाव असते आणि अडचण तिथेच सुरू होते, कारण ते नाव अनेकदा चित्र तयार झाल्यानंतर कित्येक वर्षांनी, कुणाच्या तरी आठवणीवर विसंबून लिहिलेले असते. म्हणून आधी वस्तू कोणत्या काळातली आहे ते ठरवावे, मग पोशाख आणि पदाची चिन्हे पाहावीत, आणि नावाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पहिला प्रश्न असा की, त्या व्यक्तीचे प्रत्यक्ष पाहून काढलेले चित्र असणे शक्य तरी होते का. फ्रान्सिस्कन धर्मसंघातील टॉलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सहकारी १३२१ मध्ये ठाण्यात मारले गेले. त्यांची जी चित्रे आहेत ती श्रद्धेने कल्पिलेली आहेत, त्यांत चेहऱ्याचे साम्य शोधण्यात अर्थ नाही. वसईत जन्मलेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मरण पावलेले गोन्सालो गार्सिया हे चित्रांत ओळखू येतात ते क्रूस आणि भाल्यांवरून, नाकडोळ्यांवरून नव्हे. छायाचित्राची कला १८३९ मध्ये जाहीर झाली आणि मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. ठाण्याच्या इंग्रजी चर्चचा अभिषेक १८२५ मध्ये करणारे बिशप रेजिनाल्ड हीबर १८२६ मध्ये वारले, तेव्हा त्यांचा म्हणून दाखवला जाणारा कोणताही फोटो हा चित्राचा किंवा खोदचित्राचा फोटोच असणार. एवढा साधा हिशेब केला तरी अनेक चुकीच्या ओळखी तिथल्या तिथे गळून पडतात.

तैलचित्रांच्या बाबतीत याहून अधिक सावध राहावे लागते. गोव्यातील पोर्तुगीज व्हाइसरॉयांची चित्रमालिका तिथले पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांनी १५४७ मध्ये सुरू करवली. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती आज पाहता येते. दमट हवेने खराब झालेली ही चित्रे पुढील शतकांत पुनःपुन्हा रंगवली गेली, इतकी की वर दिसणारा चेहरा आणि खालच्या थरातला चेहरा एकच असेल याची खात्री राहत नाही. आपल्याकडच्या एखाद्या चित्रातही कपड्यांवरील रंग बारीक भेगांचा आणि चेहऱ्यावरील रंग मात्र गुळगुळीत दिसला, तर मागाहून कुणीतरी चेहरा सुधारल्याचा संशय घ्यावा. तिरप्या उजेडात, म्हणजे खिडकीजवळ चित्र उभे धरून एका बाजूने पाहिले असता, हा फरक डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. प्रतिकृतींचाही विचार करावा. १७९१ मध्ये मुंबईत आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची प्रत्यक्ष समोर बसवून चित्रे काढली. तोच नमुना पुढे प्रतिकृतींतून फिरत राहिला, म्हणून चेहरा ओळखीचा वाटला एवढ्यावरून हातातले चित्र त्या काळातले ठरत नाही.

छायाचित्राचा काळ ठरवणे त्या मानाने सोपे आहे. दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्यावे. प्रतिमेत ठरावीक अंतरावरचे ठिपके दिसले, तर तो फोटो नसून पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेले छापील चित्र आहे. कागदाचे तंतू प्रतिमेतून दिसत असतील आणि एकूण रंग पिवळसर तपकिरी असेल, तर ती एकोणिसाव्या शतकातील अल्ब्युमेन पद्धतीची, म्हणजे अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावरची प्रत असण्याची शक्यता मोठी आहे. तंतू अजिबात दिसत नसतील आणि कडांच्या काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक असेल, तर ती जिलेटिनची, म्हणजे साधारण १८८० नंतरची प्रत समजावी. त्यानंतर पट्टीने माप घ्यावे. अडीच बाय चार इंचांच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला लहान फोटो हा १८५४ मध्ये पॅरिसमध्ये पेटंट घेतलेल्या आणि पुढल्या दशकात जगभर पसरलेल्या व्हिजिटिंग कार्ड प्रकारातला असतो. सव्वाचार बाय साडेसहा इंचांचे मोठे कॅबिनेट कार्ड १८६६ नंतर रूढ झाले. पातळ पुठ्ठा आणि काटकोनी कोपरे ही जुनेपणाची, तर जाड पुठ्ठा, गोल कोपरे आणि सोनेरी कडा ही नंतरच्या काळाची लक्षणे होत.

कार्डाची मागची बाजू पुढच्या बाजूइतक्याच बारकाईने पाहावी, किंबहुना माझ्या मते अधिक. तिथे स्टुडिओचे नाव, पत्ता आणि कधी कधी मिळालेली पदके छापलेली असतात. राजा दीनदयाळ यांचा मुंबईतील स्टुडिओ १८९६ मध्ये सुरू झाला, त्यामुळे त्या स्टुडिओच्या मुंबईच्या पत्त्याचे कार्ड त्याआधीचे असू शकत नाही. इतर स्टुडिओंचे पत्ते जुन्या मुंबईच्या वार्षिक डिरेक्टऱ्यांमध्ये वर्षवार शोधता येतात, आणि पत्ता बदलल्याचे साल सापडले की फोटोचा काळ चार-पाच वर्षांच्या आत बांधता येतो.

धर्मगुरूंच्या चित्रांत पोशाख फार बोलतो, पण तो नीट वाचावा लागतो. फ्रान्सिस्कनांच्या कमरेला गाठी मारलेला दोर असतो, डॉमिनिकनांचा झगा पांढरा आणि वरचा अंगरखा काळा असतो, जेझुइट साधा काळा झगा घालत. मात्र उष्ण हवेमुळे इथले अनेक फादर पांढरा झगा वापरत, म्हणून कृष्णधवल फोटोत केवळ पांढऱ्या रंगावरून धर्मसंघ ठरवू नये. छातीवर साखळीत अडकवलेला क्रूस आणि बोटात अंगठी असेल, तर ती व्यक्ती बिशप किंवा मठाधिपती असण्याचा संभव मोठा. गळ्याशी लोंबणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या प्रोटेस्टंट पाळकांच्या असतात तशाच वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्याही असतात, त्यामुळे वकिलाला पाद्री समजण्याची चूक सहज होते.

बिशपचे नाव शोधताना ठाण्यातल्या माणसाने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ठाणे ज्यात येते त्या साष्टी बेटावरील जुने धर्मग्राम (पॅरिश) पोर्तुगालच्या राजसत्तेला चर्चच्या कारभाराचे अधिकार देणाऱ्या पाद्रोआदो व्यवस्थेखाली, म्हणजे आधी गोव्याच्या आर्चबिशपांच्या आणि १८८६ पासून दमणच्या बिशपांच्या अधिकारात होते. मुंबईचे बिशप वेगळे, प्रोपागांडा व्यवस्थेखालचे, म्हणजे थेट रोमच्या धर्मप्रसार कार्यालयाच्या अधिकारातले. ही दुहेरी व्यवस्था १९२८ मध्ये संपली. तेव्हा इथल्या चर्चमधील १९०० च्या सुमाराचे बिशप मुंबईच्या यादीत सापडले नाहीत, तर दमण आणि गोव्याच्या याद्या पाहाव्यात. चित्राखाली पोर्तुगीज ओळ असल्यास ‘नासेउ’ म्हणजे जन्म आणि ‘फालेसेउ’ म्हणजे निधन. निधनाचे साल लिहिलेले असेल, तर चित्र मृत्यूनंतर स्मरणार्थ करवलेले असू शकते.

पगडी किंवा फेटा पाहून जात-धर्म ठरवण्याचा मोह टाळावा. ठाण्यात १८७९ पासून बेने इस्रायली या ज्यू समाजाचे सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) आहे आणि त्या समाजातील प्रतिष्ठित गृहस्थही पगडी घालत.

वडीलधाऱ्यांना विचारताना प्रश्नात नाव घालू नये. ‘आजी, हे तुमचे पणजोबाच ना?’ असे विचारले की त्या बहुधा ‘हो’ म्हणतात. ‘आजी, हा फोटो कुणाचा आणि तुम्हाला कुणी सांगितलं?’ असे विचारले की माहिती कुठून आली तेही कळते. ते उत्तर त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावे. मग ते बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदवह्या, थडग्यांवरील मजकूर, १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर, काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागार आणि १८९३ मध्ये स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातील जुनी नियतकालिके यांच्याशी ताडून पाहावे. एकमेकांवर न विसंबणारे दोन पुरावे जुळले तरच नाव निश्चित मानावे, एकच असल्यास ‘संभाव्य’ लिहावे.

हाताळणी कोरड्या दिवसांतच करावी. पावसाळ्यात चौकट उघडू नये. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नये, काचेसकट ठेवून तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या जाणकार ठिकाणी दाखवावा. ओले फडके, चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि बॉलपेन यांपासून फोटो दूर ठेवावा. मागे लिहायचेच असेल तर कडेला मऊ पेन्सिलीने क्रमांक तेवढा घालावा. पश्चिमेच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर किंवा माळ्यावर ठेवण्याऐवजी आम्लरहित कागदात गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवावा.

शेवटी प्रत्येक चित्रासाठी एक नोंदपत्र करावे. त्यात माप, माध्यम, मागचा मजकूर जसाच्या तसा, चित्र कुणाकडून आले आणि ओळखीचा आधार काय, हे वेगवेगळ्या रकान्यांत यावे, म्हणजे डोळ्यांनी पाहिलेले आणि तर्काने काढलेले यांची सरमिसळ होणार नाही. चित्राखालचे जुने नाव चुकीचे ठरले तरी ते खोडू नये, तेही नोंदवावे. पुढून, मागून आणि तिरप्या उजेडात पट्टी ठेवून काढलेले फोटो त्याच क्रमांकाने साठवावेत, आणि नोंदपत्राची एक प्रत घरी व दुसरी चर्चच्या कार्यालयात किंवा ग्रंथालयात द्यावी.