संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा अभ्यास सुरू करताय? आधी ठराव वाचा

एम.ए. राज्यशास्त्राला किंवा एलएल.एम.ला आंतरराष्ट्रीय संघटनांचा पेपर घेतलेली मुलं वर्षाच्या सुरुवातीला हमखास विचारतात, "सर, शांतिसेनेला नेमके अधिकार काय असतात?" सरसकट असे अधिकार नसतातच. प्रत्येक मोहिमेला सुरक्षा परिषदेचा, क्वचित आमसभेचा, ठराव देईल तेवढेच मिळतात. शिवाजी विद्यापीठात हा पेपर केला तेव्हापासून मी हेच धरून चाललोय आणि आता शिकवतानाही सुरुवात इथूनच करतो.

पहिलं काम म्हणजे संयुक्त राष्ट्रांची सनद स्वतः वाचा. 'शांतिसेना' हा शब्द तिच्यात कुठेच नाही. सहावं प्रकरण वाटाघाटी, मध्यस्थी अशा शांततेच्या मार्गांचं. सातव्यात कलम ४१ निर्बंधांचं आणि कलम ४२ लष्करी कारवाईचं. कलम ४३ प्रमाणे देशांनी परिषदेच्या हाती सैन्य ठेवण्याचे करार करायचे होते, ते आजतागायत झालेले नाहीत. म्हणजे संयुक्त राष्ट्रांकडे स्वतःचा एकही शिपाई नाही. सगळे सदस्य देशांनी दिलेले. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्मा पेपर सुटतो.

गाईडं 'संमती, निःपक्षपातीपणा, मर्यादित बळ' ही तीन तत्त्वं देऊन मोकळी होतात. पाठ करा, मार्क मिळतात. पण उदाहरणाशिवाय त्यांचा उपयोग शून्य. १९५६ साली सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला झाला, तेव्हा ब्रिटन आणि फ्रान्सच्या नकाराधिकारामुळे परिषद अडली, म्हणून आमसभेने (सगळ्या सदस्य देशांच्या सभेने) पहिलं सशस्त्र शांतिदल उभं केलं. १९६७ मध्ये इजिप्तने संमती काढून घेतली आणि दल माघारी गेलं. पुढच्या काही दिवसांत युद्ध पेटलं. माली सरकारने २०२३ मध्ये तेच केलं आणि परिषदेने तिथली मोहीम गुंडाळली. यजमानाने दार दाखवल्यावर निळ्या टोपीवाल्या शांतिसैनिकाला थांबता येत नाही.

खरी मेख रवांडा आणि काँगो शेजारी ठेवल्यावर कळते, म्हणून वेळ इथे घाला. रवांडात जानेवारी १९९४ मध्ये तिथल्या शांतिसेनेचे सेनापती डालेर यांनी लपवलेल्या शस्त्रसाठ्यावर छापा घालायचं ठरवलं, पण ते अधिकारात बसत नाही म्हणून न्यूयॉर्कच्या मुख्यालयाने नकार दिला. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर परिषदेने ठराव ९१२ करून सुमारे अडीच हजारांचं दल २७० वर आणलं. उलट काँगोत २०१३ च्या ठराव २०९८ ने खास हल्ला ब्रिगेड दिली, सशस्त्र टोळ्या निकामी करण्याच्या स्पष्ट अधिकारासह. त्याच वर्षी एम२३ ही बंडखोर टोळी हरली. पण जानेवारी २०२५ मध्ये शांतिसेना तिथे असतानाच एम२३ ने गोमा शहर घेतलं. तेव्हा 'सातवं प्रकरण लावलं की काम फत्ते' असं उत्तरपत्रिकेत लिहू नका राव. सैन्य देणारे देश आपली माणसं किती धोक्यात घालतील आणि परिषदेचे पाच कायम सदस्य किती पाठीशी राहतील, यावर बाकी सगळं ठरतं.

ठराव वाचताना सुरुवातीची 'स्मरण करून', 'चिंता व्यक्त करून' ही लांबलचक प्रस्तावना भराभर ओलांडा. क्रमांक घातलेले परिच्छेद नीट वाचा. 'सातव्या प्रकरणाअन्वये' हे शब्द कुठल्या कामापुरते आलेत ते बघा; कधी कधी फक्त नागरिकांच्या संरक्षणापुरतेच असतात. ठराव फुकट मिळतात, संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर. संदर्भग्रंथांसाठी विद्यापीठाचं खर्डेकर ग्रंथालय आहेच.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आणखी एक सोय आहे, जिचा फायदा फारसं कुणी घेत नाही. सैनिक टाकळीसारख्या गावांत घरटी फौजी. परदेशी मोहिमेवर जाऊन आलेले एखादे सुभेदारकाका ओळखीतून सापडतातच. त्यांना 'अधिकार' विचारू नका. गोळी कधी झाडायची याचे नियम काय होते आणि हुकूम कोणाचा यायचा, ते विचारा. शांतिसेनेतली भारताची भूमिका, १९६१ मध्ये काँगोत शहीद झालेले परमवीरचक्र विजेते कॅप्टन सलारिया, २००७ मध्ये लायबेरियात गेलेली महिला पोलीस तुकडी, हे वाचून गेलात तर गप्पा रंगतात.

नोकरीचं म्हणाल तर फौजी आणि पोलीस आपापल्या खात्यातूनच जातात, तिथे थेट अर्ज चालत नाही. नागरी पदांना बहुतेक वेळा अनुभव मागतात, म्हणून संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक योजना आधी बघा. इंग्रजीबरोबर फ्रेंच घ्या, कारण आफ्रिकेतल्या कितीतरी मोहिमा फ्रेंच बोलणाऱ्या देशांत झाल्यात.